पातळ ओल

“मग काय काका, बर्फातली माणसं म्हणून जिंकताय ना?”

कॉलेजांच्या रोबो-स्पर्धेतल्या माइकवाल्या बाईने असं विचारताच हॉलभर हशा पिकला. भिंगरीचे वडील कसनुसं हसले. त्यांच्या गावी वर्षातले पाच महिने रस्ता बर्फाखाली असतो आणि तो मोकळा करणारी गाडी ते बावीस वर्षं चालवत होते. त्यांच्या लेकीला घसरणं आणखी कुणी काय शिकवणार?

खेळाची जमीन म्हणजे पांढऱ्या प्लास्टिकचे गुळगुळीत तक्ते. रोबोंची चाकंही टणक प्लास्टिकची, सगळ्या कॉलेजांना एकाच मापाची. लांबून रोबो चालवणारी उन्हाळी गावांतली पोरं घाबरून ब्रेक दाबायची आणि त्यांचं यंत्र फरफटत जाऊन फळ्यांच्या कठड्यावर आदळायचं. भिंगरी ब्रेकला हातच लावत नसे. यंत्र जिकडे घसरेल तिकडेच चाकं वळवायची, मग ते साठ किलोचं धूड मांजरीसारखं अलगद फिरायचं. सकाळपासूनचे चारही डाव तिने मारले होते.

आता शेवटचा डाव होता. बाहेर ऊन रणरणत होतं, म्हणून दारं लावून घेतली होती. आत दोन हजार माणसं आणि त्यांचा दमट, जड झालेला श्वास. थंड हवेची यंत्रं खालून जमिनीवर वारा सोडत होती. वडिलांची नजर त्या जमिनीवर खिळली. सकाळी खडूसारखी कोरडी दिसणारी जमीन आता चकाकत होती. छतावरचा एकेक दिवा तिच्यात उमटला होता.

ती चकाकी त्यांच्या ओळखीची होती. कडाक्याच्या थंडीतला बर्फ एक वेळ माणसाला सांभाळून घेतो. घात करतो तो ऊन लागलेला बर्फ, ज्याच्यावर पाण्याचा पातळ पापुद्रा आलेला असतो.

ते खाली उतरले, कठड्यावरून वाकले आणि तक्त्यावर तळहात ठेवला. मग तसेच पंचांकडे गेले.

“साहेब, जमिनीला ओल आलीय. पुसून घ्या, नाहीतर तासभर थांबा.”

पंचांनी कागदातून मान वर केली. “काका, हवापाण्याचा इथे काही संबंध नाही. सगळीकडे हेच तक्ते, हीच चाकं. तसा नियमच आहे.”

“नियमाला घाम येत नाही साहेब. जमिनीला येतो.”

“कमाल आहे! हरणाऱ्याने अंगण वाकडं म्हणावं. तुमची मुलगी तर जिंकतेय.” पंच हसले आणि शिट्टी शोधू लागले.

भिंगरी मैदानाच्या या टोकाला, चालकांसाठी उभारलेल्या काचेआड हातमोजे चढवत होती.

“हे बघ, हा डाव हळू घे. हा आपला बर्फ नाही.”

“बाबा, तुम्हीच ना म्हणायचा, भ्यायला की घसरला?”

“म्हणायचो. पण आपला बर्फ करकरतो गं. सुटायच्या आधी सांगतो. ही जमीन मुकी आहे.”

“बाबा, प्लीज. सगळे बघतायत.” तिने कानावरचे केस मागे सारले. तिची मान ताठ होती, आईसारखी. वडील तिथून निघाले.

मैदानाच्या पलीकडच्या कोपऱ्यात, चेंडू देण्यासाठी कठडा मोकळा सोडला होता तिथेच, समोरच्या संघाची चष्मेवाली मुलगी खुर्चीवर बसली होती. मांडीवर चेंडूंची टोपली. यंत्र जवळ आलं की त्यात चेंडू टाकायचे, एवढंच तिचं काम. वडील लांबून वळसा घालून तिच्यापाशी गेले.

“पोरी, जरा मागे सरकून बस.”

“नाही जमत काका. खुर्ची रेषेबाहेर गेली की आमचा डाव बाद.”

“मग मी इथे उभा राहतो.”

“ओ काका, वर जाऊन बसा!” रखवालदार तिकडून ओरडला. तेवढ्यात शिट्टी झाली आणि ते तिथेच राहिले.

पहिलं मिनिट बरं गेलं. भिंगरीने दोन यंत्रांना चुकवलं, तिसऱ्याला गिरकी घालून मागे टाकलं. टाळ्यांचा नुसता पाऊस पडला. मग तिने समोरच्या संघाच्या यंत्राला चष्मेवालीच्या कोपऱ्यात गाठायचं म्हणून लांबून वेग घेतला. ते यंत्र ऐन वेळी बाजूला झालं. भिंगरीने चाकं वळवली, अगदी वळवायला हवी होती तशी आणि तेव्हाच.

चाकं वळली. यंत्र वळलं नाही.

ते सरळ येत राहिलं, आवाज न करता, वेग जराही कमी न होता. टाळ्या अजून चालूच होत्या. वडिलांनी खुर्चीची पाठ धरली आणि चष्मेवालीसकट ती बाजूला ढकलून दिली. चेंडू घरंगळत गेले. त्यांनी स्वतःचा पाय उचलायचा म्हटलं, पण तोवर नजर वर गेली होती.

पलीकडे काचेआड भिंगरीने दोन्ही हात यंत्र चालवायच्या दांड्यांवरून उचलले होते. तिचं तोंड उघडं होतं आणि डोळे त्यांच्यावर लागले होते. बावीस वर्षांत असा चेहरा त्यांनी सात वेळा पाहिला होता, समोरून घसरत येणाऱ्या गाड्यांच्या काचेआड.