फिरतं धुणं

झाकणाच्या बादलीत कपडे, साबण, पाणी घालून बादली गाडीत ठेवायची, गचक्यांनी धुणं आपोआप होतं, ही आमच्या नवरोबांची युक्ती. कोकणात ती कधी फसली नव्हती. इथे जपानमध्ये मात्र व्हॅन तीनशे किलोमीटर पळाली तरी फेस येईना.

"शैलेंद्र, उद्या क्योतोला माझं प्रेझेंटेशन आहे. एकुलता एक पांढरा शर्ट आहे त्यात!"

शेवटी डोंगरातल्या एका गावात उखडलेला रस्ता सापडला. दहा फेऱ्यांत बादलीत फेसच फेस झाला. दुपारी स्वच्छ पाणी भरून कपडे खळबळायला तिथेच परत आलो, तर रस्ता गुळगुळीत!

रोलरवरून उतरून एक कामगार कमरेत वाकला.



"माफ करा. सकाळी तुम्हाला दहा वेळा निषेध नोंदवावा लागला."