सरकारी घोडा

सरकारी घोड्याकडून घोडी भरवून घ्यायला महारवाड्यातला धर्मनाक सर्वांआधी आला होता. इंग्रजांच्या पलटणीतून पेन्शन घेतलेला माणूस. घोडीही तशीच तकतकीत. ठरावीक उंचीच्या घोडीलाच सरकारी घोडा मिळे, म्हणून घोड्याची निगा राखणारा मोतद्दार इमामभाई यानं मापाची काठी लावली. घोडीची उंची सरकारी खुणेच्या वरच भरली.

तेवढ्यात मागून पाटील म्हणाले, "इमाम, ह्याच्या घोडीवर चढलेला घोडा आमच्या घोडीला चालायचा न्हाई. अन् ह्या सरकारी घोड्याची चंदी-वैरण आमीच पुरवतो, ध्यानात ठेव."

इमामभाईनं काठी पुन्हा लावली. "उंची कमी पडतेय," तो पुटपुटला. खरं माप रांगेतल्या सगळ्यांनी पाहिलं होतं. जो तो आपापल्या घोडीकडे बघू लागला.

आता धर्मनाक भांडेल, गोऱ्या साहेबाकडे जाईन म्हणेल, असं इमामभाईला वाटलं. तो भांडला असता तर बरंच झालं असतं. पण घोडीच्या मानेवरून हात फिरवत धर्मनाक हळूच म्हणाला, "असू द्या, भाई. तुमास्नीबी पोरंबाळं हाईत." आणि लगाम धरून चालता झाला.

"समजूतदार हाय गडी," पाटील आपली घोडी पुढे आणत म्हणाले.

"जी," म्हणताना इमामभाईला मान वर करता आली नाही.