पट्ट्यांच्या दुकानातलं स्टूल

घड्याळाच्या पट्ट्यांचं दुकान एकदाचं बंद झालं, संशोधक डॉक्टर झाला, त्याचं लग्नही ठरलं. हे सगळं विसरा. यातलं काहीच झालेलं नाही.

संशोधक अजून दुकानातल्या त्याच स्टुलावर बसला होता. प्रबंधाचा विषय होता, बुडता धंदा माणूस का सोडत नाही. शेवटचं प्रकरण दुकान बंद झाल्यावरच लिहिता येणार होतं आणि नियम कडक होते. निरीक्षकाने सल्ला द्यायचा नाही, काय तपासतोय ते सांगायचं नाही, नुसतं बसायचं. नुसतं बसून त्याला चौथं वर्ष लागलं होतं.

दुकानाच्या मालकीणबाई, म्हणजे मावशी, रोज शटर वर करत, पंखा त्याच्याकडे वळवत आणि गिऱ्हाइकाची वाट बघत. गिऱ्हाईक काही येत नसे. लोक हल्ली फोनवर वेळ बघतात.

"काय डॉक्टर, जेवलात का?"

"अजून डॉक्टर नाही झालो, मावशी."

"व्हाल हो. घाई कसली?"

घाई त्याच्या आईला होती. फोनवर ती आता तब्येतही विचारत नसे. थेट म्हणायची, "पडलं का रे बंद?"

एकदा शेजारचा केकवाला गाळा विकत मागायला आला. भाव चोख होता. परगावी मावशींची बहीण खोली झाडून वाट बघत बसली होती.

"चाव्या द्या, आजच उरकून टाकू," केकवाला म्हणाला.

संशोधकाने वहीचं कोरं पान उघडलं. मावशींनी चाव्यांचा जुडगा उचलला, संशोधकाच्या विरलेल्या कॉलरकडे पाहिलं आणि जुडगा परत खिळ्याला अडकवला.

"नाही जमायचं, भाऊ."

संशोधकाने लिहिलं, 'मालाविषयी कमालीचा जिव्हाळा.' वाक्य झकास जमलं म्हणून तो खूश झाला. मग त्याला रडू आलं.

शेवटी विद्यापीठाने निर्वाणीचं कळवलं, महिनाअखेर प्रबंध द्या, नाहीतर नोंदणी रद्द. तेव्हा त्याचे मार्गदर्शक सर स्वतः दुकानात आले आणि त्यांनी सगळे नियम धाब्यावर बसवले.

"बाई, स्पष्टच विचारतो. इथे चिटपाखरू फिरकत नाही. तरी दुकान बंद का करत नाही तुम्ही?"

मावशींनी सरांना दाराशी नेलं, आवाज खाली आणला. दुकान एवढंसं, संशोधकाला सगळं ऐकू आलं.

"तुम्ही याचे साहेब ना? बरं झालं आलात. मी केव्हाच बंद केलं असतं हो, पण मग या पोराने बसायचं कुठे? तेव्हा हा माझा तोंडी अर्ज समजा. सदर मुलगा वक्तशीर असून त्याचा काहीएक त्रास नाही. तरी त्याची एखाद्या चालत्या दुकानातल्या स्टुलावर कायमस्वरूपी बदली करण्यात यावी, ही नम्र विनंती."