भुरकीचा आवाज

"बाबा, हे परीक्षण दुसऱ्या कुणाला तरी करू द्या ना," लेक म्हणाली.

समीक्षकानं तोवर खोक्यावरचं प्लास्टिक फाडलंही होतं. आत चार डिस्क होत्या. 'भुरकीची उन्हाळी सुट्टी', 'भुरकी समुद्रावर', 'भुरकीची बर्फातली सुट्टी' आणि 'सुट्टीचा शेवटचा दिवस'. झाकणावर तीच शेपूट फुलवलेली खार, तेच दोन आगाऊ दात.

"दुसरा कोण करणार? या खारीला माझ्याइतकं ओळखतं कोण?"

ते खोटं नव्हतं. तीस वर्षांपूर्वी भुरकीचा पहिला सिनेमा आला आणि घराघरातली पोरं तिच्यासारखी बोलायला लागली. तो आवाज समीक्षकाच्या बायकोचा होता. तेव्हा त्यांचं लग्न नवं होतं. ती भांडी घासता घासता संवाद पाठ करायची आणि तो मुद्दाम चुकीचं वाक्य सुचवून तिला हसवायचा.

पुढे फार वर्षांनी कंपनीनं भुरकीच्या सुट्ट्यांवर स्वस्तातले भाग काढायचं ठरवलं. थिएटरचं तोंड न बघता थेट डिस्कवर येणारे. बायकोला बोलावणं आलं, तेव्हा समीक्षकानं नाक मुरडलं होतं.

"असल्या पाणचट सिनेमात तू? उद्या मला त्यांच्यावर लिहावं लागलं, तर तोंड कुठं लपवू?"

"बरं. नाही म्हणून कळवते," ती म्हणाली होती.

तिनं आपला शब्द राखला, हे तो चारचौघांत कौतुकानं सांगायचा. नंतर तिचं दुखणं सुरू झालं. चार वर्षं तिनं काढली. गेल्या वर्षी ती गेली.

समीक्षकानं दोन दुपारी पडदे ओढून चारही भाग पाहिले. लेक शेजारी बसली नाही. तिला स्वयंपाकघरात एकाएकी बरीच कामं निघाली. तिसऱ्या भागाच्या मध्यावर ती दारात येऊन उभी राहिली.

"कसं वाटतंय?"

"चित्रं बरी आहेत. गाणी चालून जातील. पण हा आवाज! तुझ्या आईची नक्कल करायला कुणाला तरी आणून बसवलंय."

"इतका वाईट आहे?"

"वाईट असता तर सोडून दिलं असतं. हा चोरलेला आहे. आणि चोरी धड जमलेलीही नाही."

लेकीनं त्याच्या समोरचा कप उचलला. त्यात अर्धा चहा होता.

त्या संध्याकाळी समीक्षकानं एका बैठकीत लेख लिहून काढला. "मूळ भुरकी हसायची तेव्हा ऐकणाऱ्याच्या पोटात गुदगुल्या व्हायच्या," त्यानं लिहिलं. "ही नवी भुरकी कागदावर 'हसा' असं लिहिलंय म्हणून हसते. वाक्य निम्म्यावर येतं आणि हिचा श्वास संपतो. शेवटच्या भागात तर ती खार वाटतच नाही, थकलेली, कंटाळलेली बाई वाटते. आपलं नाव द्यायचीही हिला लाज वाटली असावी. ज्या कलावंत बाईनं या खारीत जीव ओतला, तिचा हा अपमान आहे."

लेख रविवारी छापून आला. दुपारपर्यंत फोन थांबेना. 'झकास झोडपलंत,' असं लोक म्हणत होते. समीक्षकाला मात्र त्या कौतुकाचं काही नव्हतं. बायकोसाठी आपण काहीतरी केलं, असं वर्षभरात पहिल्यांदाच त्याला वाटत होतं. रात्ररात्र उशाशी बसूनही तो तिच्यासाठी काही करू शकला नव्हता.

लेकीनं लेख उभ्यानंच वाचला. पेपरची नीट घडी घातली. "छान लिहिलंयत," म्हणाली आणि कपड्यांना इस्त्री करायला निघून गेली.

सोमवारी कचेरीत एका म्हाताऱ्या ध्वनिमुद्रकाचा फोन आला. पहिल्या सिनेमापासून भुरकीचं रेकॉर्डिंग त्यानंच केलं होतं.

"लेख वाचला तुमचा."

"मग त्या बाईचं नाव तेवढं सांगा," समीक्षक म्हणाला. "छापतो."

म्हाताऱ्यानं आवाज खाली आणला.

"नाव कुठं द्यायचं नाही, अशी अट होती साहेब. तुम्ही घरात विचारा. तुमची लेक दर रेकॉर्डिंगला स्टुडिओत असायची."

फोन ठेवला गेला. समीक्षक रिसीव्हर हातात धरून तसाच बसला. लहानपणी टेबलाखाली बसून हुबेहूब भुरकीसारखं बोलणारी लेक त्याला आठवली. दारात उभी राहून "इतका वाईट आहे?" विचारणारी लेक आठवली. कुणाला काही न सांगता तो घरी आला.

लेक मटार सोलत बसली होती. तो बूट न काढताच तिच्या समोरच्या खुर्चीत बसला.

"रेकॉर्डिंगला तू जायचीस. मला कळलं."

लेकीचे हात थांबले. "कुणी सांगितलं?"

"ते जाऊ दे. चुकलं माझं. आई नाही म्हणाली, म्हणून तिच्या जागी तू उभी राहिलीस. तिचा आवाज टिकावा म्हणून. आणि मी भर पेपरात तुला चोर ठरवलं."

"बाबा, पुरे."

"पुरे कसं? उद्याच माफी छापतो. माझी लेक होती ती, असं नावानिशी लिहितो." त्यानं खुर्ची पुढे ओढली. "तुझ्या आईची सर कुणाला येणार? हजार बायकांत मी तिचा आवाज ओळखला असता. पण तू निदान धीर तरी केलास, पोरी."

लेकीनं मटारांचं भांडं बाजूला सरकवलं.

"मी तिथं एक शब्दही बोलले नाही, बाबा," ती म्हणाली. "आईला तेव्हा जिना चढवत नव्हता. मी नुसती तिला हात द्यायला जायचे."