अर्धी गोळी

सोनालीची कुत्री चंपी लंगडायला लागली, तेव्हा जनावरांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, "दिवसाला अर्धीच गोळी द्या. माणसांची तर कुठलीच नको."

तिसऱ्या दिवशी चंपीला रक्ताची उलटी झाली. कुंभारीहून सोलापूरच्या दवाखान्यात नेईपर्यंत ती गेली. "औषध जास्त झालं," डॉक्टर म्हणाले.

"माज्याच हातनं चुकलं असंल," म्हणत सोनाली आठ दिवस धड जेवली नाही. "हुतं की कुणाकडनं बी," असं म्हणून नवरा, बिरुदेव, तिला समजावत राहिला. नवव्या दिवशी त्यानं एक पिल्लू आणून तिच्या मांडीवर ठेवलं. ती पहिल्यांदाच हसली. तोही खुलला, तिच्याशेजारी टेकत म्हणाला,

"ह्याला कितीबी दुखू दे, माजी कंबरंची गोळी आता न्हाय देनार. शप्पत!"