पारडं जामकर बाईंचं

भगवंतराव हैदराबादच्या बसमधून उतरले ते थेट केंद्रातल्या निवड समितीच्या खोलीत शिरले. तोंड धुतलं नव्हतं, चहा घेतला नव्हता, पण गडी असा खुलला होता की पोराची सोयरीक जमवून आला असावा.

"सर, मोजून आनलं," ते म्हणाले. "आता बाईचं पितळ उघडं पडते."

बाई समोरच बसल्या होत्या. वनमालाबाई बोनगीरवार. लग्न होऊन आदिलाबादला आल्या, तेव्हापासून या संशोधन केंद्रात झाडांच्या आनुवंशिकतेवर काम करत होत्या. त्यांनी नुसती खुर्ची सरकवून भगवंतरावांना जागा करून दिली.

गोष्ट अशी होती. उटनूरच्या जंगलातली माणसं दाढ दुखली की अक्कलकऱ्याचं फूल चावतात. जीभ बधिर होते, दुखणं थांबतं. वनमालाबाईंनी वर्षानुवर्षं संकर करून त्या झाडाचं कितीतरी जास्त जालीम वाण काढलं. त्याच्या जोरावर १९९२ साली केंद्राला वेदनाशामक औषधांची प्रयोगशाळा मंजूर झाली. आता प्रमुख कोण, एवढंच ठरायचं होतं. बाई झाल्या तर वाण पुढे जाणार. भगवंतराव झाले तर सगळे वाफे उपटून कापूस लावणार. तसं त्यांनी चारचौघांत बोलून दाखवलं होतं. याच केंद्रात कापसावर काम करणारा माणूस तो. मात्र स्वतःची दाढ ठणकली की मागच्या दारानं वाफ्यात जाऊन हळूच फूल तोडायचे, तो भाग वेगळा.

समितीचे अध्यक्ष शामराव हैदराबादचे, मोठे शिस्तीचे. त्यांचं म्हणणं, काम तोंडानं सांगायचं नाही, मोजून दाखवायचं. पेपर किती छापले आणि जगातल्या किती जणांनी ते आधाराला घेतले, त्यावरून माणसाचं वजन ठरवायचं. ही मोजणी करायला तिथल्या विद्यापीठाच्या ग्रंथालयातल्या जाडजूड सूच्या चाळाव्या लागत. त्या धुळीत बसायला कुणी तयार होईना, तेव्हा भगवंतराव आपणहून गेले. मांजरालाच दुधाची राखण दिली, असं केंद्रातले कारकून म्हणाले.

"बोला," शामराव म्हणाले.

"बाईचे पेपर हायेत. बरे हायेत. पन सर, दर पेपरात आधाराला एकच नाव. तुळजा जामकर. नागपूरची डॉक्टरीन. दुखनं नसेतून मेंदूपर्यंत कसं जाते, ते तिनं शोधलं. मधात ते कसं अडवता येते, तेबी तिनंच. आपल्या बाईनं ते निस्तं झाडाला लावलं."

"आणि या जामकर बाईंना जगात कितपत मान आहे?"

भगवंतरावांचे डोळे चमकले. "विचारू नका सर. जपानवाले, रशियावाले, सगळे तिचंच नाव घेऊन राह्यले. मी अन् ह्या बाई, दोघं मिळून तिच्या पासंगाला पुरत नाही."

शामरावांनी चष्मा पुसून आकडे पुन्हा पाहिले. एवढी मोठी शास्त्रज्ञ शेजारच्या नागपुरात, आणि आपल्याला खबर नाही, म्हणून ते हळहळले. मग त्यांचं बोट एका जागी थांबलं.

"एक्क्याऐंशीनंतर यांचा एकही पेपर दिसत नाही."

"अमेरिकेला गेली असन, नाही तर चूल फुंकून राह्यली असन. आपल्याला काय करायचं?"

वनमालाबाई पुढे सरकल्या. "सर, त्या जामकर..."

"तुमी थांबा बाई," भगवंतराव म्हणाले. "मोजून कोनं आनलं? आमीच ना?"

बाई थांबल्या. त्यांचा चेहरा लाल झाला होता. शामरावांना त्यांची कीव आली.

"वनमालाबाई, जामकर बाईंच्या कामावर तुमचा काही आक्षेप?"

"आक्षेप कसला? एका प्रयोगात त्यांनी जरा घाई केली, पण पाया पक्का आहे. त्या नसत्या तर माझं वाण निघालंच नसतं."

"झालं, कबूल केलं," भगवंतरावांनी टेबलावर थाप मारली. आनंद त्यांच्या पोटात मावत नव्हता.

शामरावांनी आकड्यांचा कागद टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "असं असेल तर प्रमुखपद जामकर बाईंनाच का देऊ नये?"

ही गोष्ट भगवंतरावांच्या हिशोबात नव्हती. पण डोकं चालायला त्यांना वेळ लागत नसे. नागपूरची एवढी नावाजलेली डॉक्टरीण या रानात येते थोडीच? आणि ती आली नाही तर पाळी कुणाची?

"लाखातलं बोलले सर," ते म्हणाले. "मीच सुचवतो तिचं नाव. निस्तं एक लिहून ठेवा. महिनाभरात ती हजर नाही झाली तर..."

"तर तुम्ही. मंजूर."

ठराव लिहिला गेला. वेदनाशामक प्रयोगशाळेच्या प्रमुखपदी डॉक्टर तुळजा जामकर. सूचक म्हणून भगवंतरावांनी झोकात सही केली, शामरावांनी खाली आपली केली आणि शिक्का मारला. आता कुणालाच मागे फिरता येणार नव्हतं. भगवंतरावांनी सगळ्यांसाठी चहा मागवला, बाईंसाठीही. जिंकल्यावर माणसाचं मन मोठं होतं, ते असं.

 वनमालाबाईंनी चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायला.

"आता या बाईंना गाठायचं कसं?" शामरावांनी विचारलं. "वनमालाबाई, तुम्हाला पत्ता माहीत असेल ना त्यांचा?"

"याच खोलीचा लिहा सर," बाईंनी कपबशी खाली ठेवली. "लग्नात आमच्या यांनी ताटातल्या तांदळावर अंगठीनं वनमाला असं नाव लिहिलं, तोवर तुळजा जामकर मीच होते."