पिवळं पाणी

केतकीनं टाकीच्या झाकणातून डोकं आत घातलं आणि निळा दिवा पेटवला. तिनं आखलेली ही पहिलीच टाकी. उद्यापासून हिच्यात शाळेच्या पोरांची लस्सी साठणार होती. आत चमकणारी पूड कालवलेलं पिवळं पाणी फवारून मग टाकी धुतली होती. कुठं थेंबभर जरी राहिलं असेल, तरी या उजेडात ते हिरवं चमकणार होतं.

भिंती काळ्या. तळ काळा. ढवळणीच्या दांड्यामागेही काळोखच.

"पास ना गं?" वर्कशॉपच्या सुतारकाकांनी शिडीखालून विचारलं.

ती "हो" म्हणणार, तेवढ्यात दिवा तिच्या बाहीवर गेला. फवारताना उडालेले पिवळे शिंतोडे तिथं तसेच होते. न धुतलेले, तरी एकही चमकत नव्हता. तिनं डोकं बाहेर काढलं.

"काका, पाण्यात काय कालवलंत?"

काकांनी मान खाली घातली. "जिलबीत घालतात तो रंग. पोरी, पहिलीच टाकी तुझी. नापास झाली असती, तर मालकांनी तुला ठेवलं नसतं."

तिनं खरी पूड कालवली, पुन्हा फवारलं, पुन्हा धुतलं. दिवा लावायला बोट धजेना. लावला, तेव्हा ढवळणीच्या दांड्यामागे, जिथं धुण्याचं पाणी पोचतंच असं तिनं मालकांना छातीठोकपणे सांगितलं होतं, नेमका तिथंच तळहाताएवढा हिरवा डाग पेटला.

"काका, डागाभोवती खूण करायला मार्कर द्या," ती म्हणाली. "आणि मालकांना बोलवा."